दादांचे भिडे आणि भाच्याचा गुरुवार

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका असून पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या वाचनालयाने ‘दूरदर्शनचे दिवस’ हा कार्यक्रम ठरवला आहे आणि त्यात वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांच्यावर मी दहा मिनिटे बोलावे, असे कार्यकारिणीने सुचवले आहे. माझे थोरले बंधू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. घरी पहिला संच आला तेव्हा गच्चीवर चढून सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवण्याचे काम त्यांचे असे आणि सातच्या बातम्या लागल्या की घरात कोणी भांडे वाजवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. ‘खासगी वाहिन्या आल्या आणि बातम्या मेल्या’ हे मी व्यासपीठावरून ठणकावून सांगावे, असा त्यांचा हट्ट आहे.

अडचण अशी की, दादांचाच मुलगा मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीवर बातम्या सांगतो. त्याचे बातमीपत्र दादा पाच मिनिटेही पाहत नाहीत. आवाज मोठा करतात, ‘या पोरांना एक अक्षर धड उच्चारता येत नाही’ म्हणतात आणि बंद करतात. ‘भिडे बातम्या द्यायचे, तू बाजार मांडतोस’, असे यंदाच्या दिवाळीत ते सगळ्यांसमोर बोलून गेले. भाचा काही बोलला नाही, पण ताटावरून उठला. कार्यक्रमाला तो येणार आहे. दादांचे मन न मोडता आणि भाच्याला न दुखावता मी काय बोलावे?

— एक वाचक


उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण विचारले आहे भाषणाबद्दल, पण पत्राचा जीव अडकला आहे तो त्या अर्धवट राहिलेल्या ताटात. दादांनी प्रदीप भिडे यांची काठी केली आहे आणि ती ते मुलाच्या पाठीत घालत आहेत. अशा वेळी दोन्ही बाजूंना बरे वाटेल असे काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेण्याचा मोह आपल्याला होईल, पण तो आवरावा, असे मी सुचवीन. भिडे यांच्याविषयी इतके नेमके बोलावे की त्यांची काठी होऊच शकणार नाही. ‘धीरगंभीर आवाज’, ‘भारदस्त व्यक्तिमत्त्व’, ‘सुसंस्कृत काळ’ ही विशेषणे कोणाच्याही पाठीत घालता येतात, परंतु एका माणसाने रोज संध्याकाळी नेमके काय काम केले याचे वर्णन तसे वापरता येत नाही.

तेव्हा कामापासून सुरुवात करावी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. दादांच्या गच्चीवरच्या अँटेनेचे मूळ तिथे आहे. त्या सुरुवातीच्या वर्षांत वरळीच्या स्टुडिओत बातम्या द्यायला बसणाऱ्यांमध्ये स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या आणि मराठीचे प्राध्यापक व मुलांचे लेखक म्हणून नाव मिळवलेले अनंत भावेही होते. नंतर ज्या नावाशी ‘सातच्या बातम्या’ हे शब्द जवळजवळ जोडशब्दासारखे चिकटले, ते नाव प्रदीप भिडे यांचे. सुमारे चार दशके त्यांनी हे काम केले. माहितीपटांना आणि जाहिरातींना त्यांनी आवाज दिला, सभासमारंभांची निवेदने केली आणि ७ जून २०२२ रोजी ते गेले. (पुढच्या वर्षी, नेमक्या त्याच तारखेला, दिल्लीहून इंग्रजी बातम्या देणाऱ्या गीतांजली अय्यर गेल्या. भाषणात या योगायोगाचा काही उपयोग नाही, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मला तो आठवल्याशिवाय राहत नाही.)

वृत्तनिवेदक बातमी लिहीत नाही, ती निवडत नाही आणि कोणती आधी व कोणती मागून हेही ठरवत नाही, ही गोष्ट आपल्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसेल. वृत्तविभागातले संपादक वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर मराठीत आणत, त्याची काटछाट करत, आणि तो कागद निवेदकाच्या हाती येई. सुरुवातीच्या काळात चित्रीकरण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होत असल्यामुळे ती धुऊन, कापून, जोडून तयार होईपर्यंत संध्याकाळ उजाडे, असे म्हटले तरी चालेल, आणि त्यामुळे पुष्कळ बातम्यांना चित्रच नसे. चित्र नसले की प्रेक्षकासमोर उरे तो एक चेहरा आणि एक आवाज. तोच चेहरा मंत्र्यांनी फीत कापल्याची बातमी सांगे, घाटात बस कोसळल्याची सांगे आणि कापसाच्या हमीभावाचीही सांगे. या तीन बातम्यांना तीन वेगळी वजने द्यायची, परंतु त्यांपैकी एकीतही स्वतःचे मत, स्वतःचा राग किंवा स्वतःचा कंटाळा मिसळू द्यायचा नाही, ही ती कला होती. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य आपले असल्यासारखे म्हणायचे, पण त्यावर मालकी सांगायची नाही. हे वाटते तितके सोपे नाही.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण ऐन पंचविशीत मी स्वतः एका केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो आणि सपशेल आपटलो होतो. हातात दिलेल्या कागदावर दुष्काळाची बातमी होती आणि तिच्यात तालुक्यात चार चारा छावण्या सुरू झाल्याचे वाक्य होते. आपण शिक्षिका आहात, तेव्हा यातली मेख आपल्या लगेच लक्षात येईल. ‘चार’मधला च तालव्य म्हणजे टाळूवरून काढायचा, ‘चारा’मधला दंततालव्य म्हणजे दातांजवळून ‘त्स’सारखा काढायचा, आणि लागोपाठ येणारा ‘छावण्या’मधला छ पुन्हा तालव्य. लिपी दोन्ही च सारखेच लिहिते, त्यामुळे जिभेला आधीपासून माहीत असावे लागते. माझ्या जिभेने तिन्ही अक्षरे एकाच साच्यातून काढली आणि काचेपलीकडचे गृहस्थ हसू दाबत खाली बघू लागले. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, ‘जलद’ म्हणजे वेगाने आणि ‘जलद’ म्हणजे ढग, अशा जोड्या डोळ्यांपुढे एका क्षणात उलगडाव्या लागतात, आणि त्याही वाक्य न अडखळता. भिडे यांचा उच्चार स्वच्छ होता असे आपण म्हणाल, तेव्हा हा ‘चार चारा छावण्यां’चा दाखला द्यावा, श्रोत्यांकडून एकदा म्हणवूनही घ्यावा. सभागृह हसेल आणि हसता हसता त्या कामाचे मोल त्यांच्या पदरात पडेल.

इथपर्यंत दादा आपल्यावर प्रसन्न असतील. यापुढचा भाग त्यांना रुचणार नाही, पण तो वगळू नये.

दादांना ज्या शांततेची ओढ आहे, तिच्यात भिडे यांचा वाटा मोठा होता, परंतु ती सगळी काही त्यांची नव्हती. बराचसा भाग मक्तेदारीचा होता. समोर दुसरे दुकानच नसेल तर ओरडून माल विकण्याची गरज दुकानदाराला पडत नाही. मुंबई केंद्र तीन वर्षांचेही नव्हते तेव्हा आणीबाणी आली आणि त्या एकवीस महिन्यांत दूरदर्शनवर काय सांगितले गेले व काय गाळले गेले, हे दादांच्या पिढीला नव्याने सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवसही त्यांना आठवत असेल. इंदिरा गांधींवर सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्या निधनाची बातमी परदेशी नभोवाणीवरून दिवसाच लोकांच्या कानी आली, आणि आपल्या सरकारी माध्यमांनी ती संध्याकाळपर्यंत अधिकृतपणे सांगितली नाही. दूरदर्शनवर ती सलमा सुलतान यांनी दिली. केसांत गुलाब खोचणाऱ्या या निवेदिकेच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जो ताण होता, तो पाहिलेले लोक आजही त्याबद्दल बोलतात. त्यांनी आपले काम चोख केले. उशीर त्यांचा नव्हता, त्यांच्या हाती कागद देणाऱ्यांचा होता. मात्र दिवसभर ‘खरे काय’ म्हणून बीबीसी लावून बसलेल्या माणसाला त्या शांत आवाजाचे कौतुक कितपत वाटले असेल, हे दादांनीच स्वतःला विचारावे.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे की, माणूस आणि मक्तेदारी यांची फारकत करून मग माणसाची आठवण काढावी. ती केली नाही तर भिडे यांच्या नावावर सरकारी मौनही जमा होते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

त्या काळी चढाओढ अगदीच नव्हती, असेही मानू नये. ती वाहिन्यांमध्ये नव्हती, पण माध्यमांमध्ये होती आणि घराघरांत तर होतीच. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणी पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या की पुण्यातली आणि आसपासची हजारो घरे घड्याळ जुळवून घेत, शाळेचा डबा भरला जाई, दाढीचा साबण वाळे. दिल्लीहून येणारे मराठी बातमीपत्र त्यानंतर. तोवर सकाळचे वर्तमानपत्र दारात पडलेले असे. म्हणजे संध्याकाळी सातला दूरदर्शन जे सांगे, त्यातले पुष्कळसे दुपारच्या बातमीपत्रात आकाशवाणीने सांगून झालेले असे. दूरदर्शनजवळ ताजेपणा नव्हता, तिच्याजवळ चेहरा होता. रेडिओचे निष्ठावंत ‘बातमी कानाने ऐकायची असते, तोंड कशाला बघायचे’ असे म्हणत, आणि दूरदर्शनचे निष्ठावंत आजच्या पाळीला कोण बसणार यावर पैज लावत. अमक्यांची साडी, तमक्यांचा पॉज, यांचे चुकले की ते कसे सावरून घेतात, यांवर जेवणाच्या ताटावर खल होई. आपल्या घरी असे वाद झाले असतील तर तेही आठवून लिहून काढावेत. तात्त्विक मजकुरापेक्षा ते अधिक ऐकले जातील.

खरी टक्कर सुरू झाली ती १९९५ साली. त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल दिला. त्याच वर्षी जुलैत दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ हे वीस मिनिटांचे खासगी हिंदी बातमीपत्र सुरू झाले. यातली गंमत भाषणात अवश्य सांगावी, कारण दूरदर्शनच्या बातम्यांचा एक मोठा प्रतिस्पर्धी दूरदर्शनच्याच घरात भाडेकरू म्हणून राहायला आला होता. ते बातमीपत्र सुरेंद्र प्रताप सिंह देत. हे गृहस्थ मुळात छापील पत्रकारितेतले संपादक, आवाज साधाच आणि चेहऱ्यावर वाढवलेली दाढी. पण बातमी त्यांनी स्वतः निवडलेली असे आणि भाषा बाजारात, रेल्वेत, नाक्यावर बोलली जाते ती असे. ‘ये थीं खबरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक’ असा निरोप ते घेत. जून १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागून एकोणसाठ माणसे गेली, तेव्हा ती बातमी देताना ते कमालीचे हलले होते, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचेही निधन झाले.

भिडे यांच्या भाषणात हे दिल्लीकर गृहस्थ कशाला, असे कार्यकारिणीतले कोणी विचारील. त्यांना घ्यावे ते एवढ्यासाठी की, निवेदकाने मालकी सांगायची नाही हा एक मार्ग झाला, आणि निवेदकाने ‘ही बातमी मी निवडली आहे, तिची जबाबदारी माझी’ असे म्हणायचे, हा दुसरा. दोन्ही मार्ग सचोटीचे असू शकतात. आपला भाचा दुसऱ्या मार्गावर आहे. त्या मार्गावर घसरण जास्त आहे, हे मात्र मान्य करावे लागेल.

मराठीत हा मार्ग थोडा उशिरा खुला झाला. २००० साली ई टीव्ही मराठी आली आणि तिची बातमीपत्रे हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून प्रसारित होऊ लागली. वरळीच्या स्टुडिओचा मराठी प्रतिस्पर्धी तेलुगू मुलखात बसला होता, आणि लातूर, नांदेड, नाशिक, सांगलीकडची तरुण मुले घरदार सोडून तिकडे बातम्या लिहायला व द्यायला गेली होती. त्यांच्यामुळे आपल्या गावाचे, आपल्या बाजार समितीचे, आपल्या पाटबंधाऱ्याचे नाव पडद्यावर वरचेवर दिसू लागले. हे दूरदर्शनला जमले नव्हते असे नाही, परंतु पंधरा-वीस मिनिटांच्या बातमीपत्रात मंत्रालयच पुष्कळदा निम्मी जागा खाऊन बसे. त्यानंतर २००७ आणि २००८ या दोन वर्षांत झी २४ तास, स्टार माझा आणि आयबीएन लोकमत या वाहिन्या आल्या आणि सातच्या बातम्यांना ‘सात’ हे विशेषण लावण्याचे कारणच उरले नाही.

आता दादांच्या बाजूने बोलण्याची पाळी आहे, आणि इथे हात आखडता घेऊ नये. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे तीन दिवस मुंबईत हल्ला चालू असताना वाहिन्यांनी जवानांच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडे बसून हल्लेखोरांना सूचना देणारे लोक तेच प्रक्षेपण पाहत होते. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी घालणारी तरतूद कार्यक्रम संहितेत आली. एकमेकांच्या पुढे राहण्याच्या झटापटीत माणसांच्या जिवाशी गाठ पडू शकते, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. दादा ‘बाजार’ म्हणतात तो शब्द तिखट आहे, पण पोकळ नाही.

परंतु त्या बाजारात आपल्या भाच्याचा नेमका ठेला कोणता, हे दादांनी कधी विचारले आहे का? प्रेक्षकसंख्येचे आकडे गुरुवारी येतात. वृत्तवाहिनीत काम करणाऱ्या कोणालाही गुरुवार म्हणजे काय ते विचारावे, शाळेत निकालाच्या दिवशी मुलांचे जे होते ते त्यांचे दर आठवड्याला होते. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी या आकड्यांतील कथित फेरफाराचा तपास हाती घेतल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवण्यात आले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या सुमारे दीड वर्षात गुरुवार नव्हते. भाच्याला त्याबद्दल विचारून पाहावे, म्हणजे त्या काळात बातम्या निवडताना काही वेगळे वाटत होते का, की तसाच धाक होता. तो जे सांगेल ते आपल्या भाषणातील सर्वांत नवा मजकूर ठरेल, आणि मुख्य म्हणजे त्याच्या धंद्याबद्दल त्याला शिव्या न देता घरच्या कोणीतरी विचारले, असेही होईल.

भिडे यांच्यापुढे एक कागद असे. भाच्यासमोर टेलिप्रॉम्प्टर असतो, कानात निर्मात्याचा आवाज असतो, खाली पट्टी पळत असते, शेजारच्या चौकटीत फोनवर बातमीदार ताटकळत असतो, आणि ज्या बातमीचे अजून काहीच हाती आलेले नाही तिच्याबद्दल सात मिनिटे बोलत राहा, असा हुकूम मध्येच येतो. भिडे यांना वीस मिनिटे कसे बोलावे हे ठाऊक असावे लागे आणि नंतर गप्प बसण्याची सोय होती. भाच्याला ती नाही. त्याच्या जागी भिडे असते तर त्यांनी काय केले असते, असा प्रश्न दादा विचारतील. मी उलटा प्रश्न विचारीन. भाचा त्या काळच्या वरळीत असता, तर बातमीपत्रातली तिसरी फीत कापणारी बातमी वाचताना तो काय करता? त्यानेही ती नीट वाचली असती. नोकरी दोघांचीही होती.

आता पत्रातील एका वाक्याकडे येतो, जे आपण जाता जाता लिहिले आहे आणि ज्यावर माझे लक्ष सर्वाधिक खिळले. दादा आवाज मोठा करतात, ‘एक अक्षर धड उच्चारता येत नाही’ म्हणतात आणि बंद करतात. उतारवयात कान मंदावतो तेव्हा सगळे आवाज सारखे मंद होत नाहीत. उंच पट्टीचे आधी हरवतात, आणि स, श, च, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत असते. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात आणि व्यंजने जिथल्या तिथे राहतात. पाठीमागे संगीत चालू असेल आणि तीन माणसे एकाच वेळी बोलत असतील, तर त्याच्यासाठी सगळ्याचा गोंगाट होतो. भिडे संथ बोलत, एकटे बोलत आणि त्यांच्यामागे ढोल वाजत नसे. दादांना त्या बातम्या आवडत याला संस्कार हे कारण असेलच, पण त्या त्यांच्या कानांत शिरत, हेही एक साधे कारण आहे. तेव्हा कार्यक्रमाच्या आधी त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी. तालुक्याच्या गावीही आता ती होते. यंत्र लागलेच तर पहिले काही आठवडे ते कुरकुरतील, काढून ठेवतील, पण चिकाटी धरावी. मुलाचे बातमीपत्र त्यांना नावडेल तर नावडो, निदान ऐकून तरी नावडावे.

भाषणाआधी दादांकडून एक काम करवून घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या संध्याकाळच्या बातम्या त्यांनी नक्की पाहिल्या असतील. त्याबद्दल त्यांना जे आठवते ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. ढिगारे आठवतील, सामुदायिक चिता आठवतील, शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या ते आठवेल. बातम्या कोणी दिल्या, हे विचारल्यावर ते बहुधा थांबतील आणि अंदाजाने एखादे नाव घेतील. चांगल्या वृत्तनिवेदकाचे यश तिथे असते, बातमी लक्षात राहते आणि तो बाजूला होतो. भिडे यांच्याबद्दल याहून मोठी प्रशंसा मला सुचत नाही, आणि ती दादांच्याच आठवणीतून आल्यामुळे त्यांना नाकारताही येणार नाही.

‘बातम्या मेल्या’ हे वाक्य मात्र आपण बोलू नये. दादांना ते बोलायचे असेल तर प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी स्वतः उठून बोलावे, आणि उत्तर भाच्याने द्यावे. बाप-लेकांचा वाद आत्याच्या तोंडून वदवून घेण्याचे कारण नाही. भाच्याला आधीच विचारून, त्याची तयारी असेल तर, आपल्या भाषणाच्या मध्यावर त्याच्या हाती तीन मिनिटांचे जुन्या पद्धतीचे एक बातमीपत्र द्यावे. मजकूर आपणच लिहावा, गावातलाच असावा, वाचनालयाची वर्गणी, एस. टी.ची बदललेली वेळ, धरणातला साठा, आणि त्यात एक चारा छावणी जरूर घालावी. टेबलाशी बसून, कागदावरून, पाठीमागे काहीही न वाजवता त्याने ते वाचावे. आव्हान म्हणून नव्हे. त्याला ते उत्तम येत असेल, असा माझा अंदाज आहे, कारण चाचणीत ‘चार चारा छावण्या’ अडल्याशिवाय पार केल्याखेरीज आजही कोणी त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नसावे. मी तरी पोहोचलो नव्हतो.

शेवटी ‘आणि आता पुन्हा एकदा ठळक बातम्या’ म्हणून समारोप करण्याचा मोह कोणालाही होईल, आणि अशा कार्यक्रमात आपल्या आधी बोलणाऱ्या वक्त्याने तो विनोद केलेलाच असेल. किल्लारीच्या आठवणीशी थांबून खाली बसावे.

बाकी व्यवस्थेचे एकच. ध्वनिक्षेपकाचा कर्णा सभागृहाच्या कोणत्या कोपऱ्यात असतो ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे, दादांची खुर्ची त्यापासून लांब पण टेबलाच्या अगदी समोर मांडावी, आणि भाचा वाचत असताना त्याचे ओठ त्यांना दिसतील इतका उजेड तिथे असू द्यावा.

आपला,
सदरलेखक